फ्लॉपीच्या खाचेतले तांदूळ

मशीन नंबर तीनवर नारळाचं पाणी मी शिंपडलं होतं, ताईंनी नाही. आज हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं. तेव्हा बोलून दाखवायला एक वर्ष लागलं होतं. ते वर्षभर माझ्या चुकीचा कागद ताईंच्या फाईलमध्ये होता आणि ताई रोज माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मला विचारत होत्या, "चहा घेतलास का?"

मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, विद्यापीठाच्या एका लहानशा उपकार्यालयात लिपिक होतो. शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या कॉलेजांचे परीक्षेचे अर्ज, हॉलतिकिटं, गुणपत्रिकेतल्या नावांच्या दुरुस्त्या, सगळं आमच्याकडे यायचं. बाजारातल्या एका इमारतीचा पहिला मजला, चौदा माणसं आणि भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं. खाली सिंध्यांची कापडाची दुकानं होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानदार आमच्या जिन्यात वाऱ्याला येऊन बसायचे. अर्ज भरायला आलेल्या पोरांना तेच सांगायचे, "ऊपर जाओ साईं, लेकिन लंच टाइम है."

मी नोकरीला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी बी.कॉम. झालो होतो, पण हातात कागद दिला तर त्याचं करायचं काय हे मला माहीत नव्हतं. तेव्हा प्रशिक्षण वगैरे शब्द ऑफिसात कुणी वापरत नसे. नवीन माणसाला जुन्या माणसाच्या शेजारी बसवायचे, तेच प्रशिक्षण. मला ताईंच्या शेजारी बसवलं.

ताई टायपिस्ट होत्या, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. खिडकीपाशी त्यांच्या दोन मशीन होत्या, एक इंग्रजी आणि एक मराठी. टिपण कसं लिहायचं, समास किती सोडायचा, फाईलच्या पानांना नंबर कसे घालायचे, स्टेन्सिलवर चूक झाली तर गुलाबी पातळ द्रव लावून ती कशी बुजवायची, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. प्रत ठेवल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही.

"मुंबईला गेलेलं पत्र हरवतं," त्या म्हणायच्या. "मग ते विचारतात, तुम्ही पाठवलंच नाही. तेव्हा कार्बन कॉपी काढून समोर ठेवायची. भांडायचं नाही. कागद भांडतो."

मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्या मला अरे-तुरे. माझ्या लग्नात त्या करवलीसारख्या वावरल्या होत्या. हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की मी जे केलं ते कुणा अनोळखी माणसाशी केलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. टायपिस्टची पदं आता राहणार नाहीत. जे कर्मचारी संगणकाचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होतील त्यांना आहे त्याच ठिकाणी संगणकचालक म्हणून घेण्यात येईल. जे होणार नाहीत त्यांना मुख्य कार्यालयात दुसऱ्या कामावर वर्ग करण्यात येईल. मुख्य कार्यालय मुंबईत होतं.

आम्हा लिपिकांना परीक्षेत नापास झालो तर फार तर साहेबांची बोलणी बसणार होती. टायपिस्ट एकट्या ताई. त्या बदलापूरला, बेलवलीत राहायच्या. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात त्यांचे मिस्टर होते तो बंद पडला होता आणि ते मिळेल ते काम शोधत दिवसभर बाहेर असत. घरात सासूबाई अंगावरून वारं गेल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या. शेजारच्या एक काकू दिवसभर त्यांच्यापाशी बसत, पण संध्याकाळी सहाच्या ठोक्याला उठून जात, कारण त्यांच्याही घरी माणसं यायची असत. उल्हासनगर ते बदलापूर दोन स्टेशनं, म्हणून ताईंना सहाच्या आत पोचता यायचं. मुंबईहून ते जमणं शक्यच नव्हतं. परिपत्रक वाचल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पास व्हायचंय." आणि मशीनवर कव्हर घालून निघाल्या.

सहा संगणक आले. त्यांच्यासाठी रेकॉर्डची खोली रिकामी करून तिला पडदे लावले आणि इमारतीतला पहिला एसी बसवला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. दारात चपलांची रांग पाहून खालचा एक दुकानदार चुकून हात जोडून गेला होता. एसीमुळे ज्यांना संगणकाशी काही देणंघेणं नव्हतं तेही काहीतरी कारण काढून आत यायचे.

शिकवायला आली ती कॅम्प तीनमधलीच एक सिंधी मुलगी, चोवीस-पंचवीस वर्षांची. दोन गल्ल्या सोडून तिचा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास होता. पन्नाशीच्या माणसांना शिकवायचं म्हणून ती पहिल्या दिवशी साडी नेसून आली. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. ती ताईंना आंटी म्हणाली.

"ए, आंटी काय गं?" ताई म्हणाल्या. "ताई म्हण. आंटी म्हणालीस तर मी नापास होईन."

"ठीक आहे ताई. पण आपण इतना जोर से मारू नका. ये टाइपरायटर नाही. किबोर्ड रडतोय बघा."

एका मशीनवर दोघं, अशी बैठक होती. मशीन नंबर तीनवर ताई आणि मी. ताई कळ दाबायच्या ती खिळा ठोकल्यासारखी. ओळ संपत आली की त्यांचा डावा हात आपोआप वर जायचा, टायपरायटरचा दांडा ढकलायला. तिथे दांडा नसायचा. हात हवेत राहायचा आणि मग त्या तोच हात केसांवरून फिरवायच्या. सगळा वर्ग हसायचा, ताई सगळ्यांत मोठ्याने. पण टायपिंगच्या वेगात त्यांना कुणी गाठू शकत नव्हतं. मी दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायचो. सराव परीक्षा झाली तेव्हा ताई पास झाल्या, मी नापास. वर या प्रशिक्षणाचा स्थानिक समन्वयक मीच होतो. हजेरी घेणं, खोली उघडणं, फ्लॉप्या मोजून देणं हे माझं काम. नापास समन्वयक म्हणून साहेब मला दिवसभर चिडवत राहिले. साहेब वाईट नव्हते. विनोद करण्याची त्यांना खोड होती, आणि एकदा केलेला विनोद ते सोडत नसत.

ती सराव परीक्षा झाली खंडेनवमीच्या दोन दिवस आधी.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे टायपरायटर, सायक्लोस्टाईल, स्टेपलर, रबरी शिक्के. पूजा ताई करायच्या. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पितळेचा एक छोटा करंडा असायचा, झाकणावर मोर असलेला. त्या वर्षी मॅडमनी आधीच ताकीद दिली होती, "पूजा दरवाजे पे. अंदर नो हळद, नो कुंकू, नो अगरबत्ती. मशीन को धूळ पण चालत नाही." म्हणून ताईंनी दाराला तोरण बांधलं, चौकटीवर स्वस्तिक काढलं आणि करंडा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. त्या दिवशी ऑफिस तीनलाच सुटलं.

मी मागे थांबलो. कारण सांगतो, सबब म्हणून नाही. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होते. दर खंडेनवमीला ते आपल्या लेथसमोर नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी आंब्याच्या पानाने लेथवर शिंपडायचे. एका वर्षी ते आजारी होते, नारळ फुटला नाही, आणि त्याच वर्षी शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं बोट गेलं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आदल्या रात्री जेवताना आईने विचारलं होतं, "तुझ्या त्या मशीनची पूजा केलीत ना रे?" मी नापास झालेलो, घाबरलेलो. सकाळी स्टेशनबाहेर एक नारळ घेऊन पिशवीत टाकला.

सगळे गेल्यावर खिळ्यावरची किल्ली काढली आणि आत गेलो. कुंकू माझ्याकडे नव्हतं, म्हणून ताईंच्या ड्रॉवरमधला करंडा घेतला. पुडीत घरून अक्षता आणल्या होत्या. मशीन नंबर तीनला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि तोरणाचं एक पान तोडून त्याने पाणी शिंपडलं. वडील शिंपडायचे तसंच, सढळ हाताने. लेथवर नारळाचं पाणी शिंपडलं तर लेथला काही होत नाही. संगणकही मशीनच आहे, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

तेवढ्यात शिपाईमामांच्या पावलांचा आवाज आला. ते खिडक्या लावत येत होते. मी नारळाची भकलं पिशवीत कोंबली, खोली बंद केली आणि किल्ली खिळ्याला लावली. करंडा आतल्या खिडकीच्या कट्ट्यावर राहिला.

दसरा आणि त्याला लागून आलेला रविवार, अशा दोन सुट्ट्यांनंतर ऑफिस उघडलं. मॅडमनी एकेक मशीन चालू केली. तीन नंबरची कुईं करून ओरडली, आणि मग ओरडायची थांबेच ना. काहीतरी जळल्याचा वास आला.

"बंद करो! बंद करो!" मॅडम किंचाळल्या.

किबोर्ड उलटा केला तर कुंकवाने लाल झालेल्या, चिकटलेल्या अक्षता गळाल्या. दुपारी कल्याणहून मेकॅनिक आला. त्याने मशीनचा डबा उघडला आणि फ्लॉपी घालायच्या खाचेतून चिमट्याने तांदळाचे दाणे काढून एका कोऱ्या कागदावर ओळीने मांडले. सात होते. आम्ही सगळे भोवती उभे राहून ते पाहत होतो.

शिपाईमामा जवळच्याच गावचे, शेतकरी माणूस. त्यांना कट्ट्यावरचा करंडा दिसला. कसलाही डाव मनात न धरता ते म्हणाले, "ह्यो करंडा त ताईंचा हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ताई," साहेब म्हणाले, "विद्यापीठाने मशीन दिली, तुम्ही तिला अभ्यंगस्नान घातलंत?"

लोक हसले. ताई हसल्या नाहीत.

"करंडा माझा आहे, साहेब. पण मी आत गेले नाही. मॅडमनी सांगितल्यावर कशाला जाईन?"

"मग करंडा चालत गेला?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. समन्वयक मी होतो. "तू शेवटी निघालास ना? कुणाला आत जाताना बघितलंस का रे?"

"नाही," मी म्हणालो.

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर ते खोटं नव्हतं. मी कुणालाच आत जाताना पाहिलं नव्हतं. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी वर्षभर बसलो.

दुपारी डबा खायला बसलो. माझ्या डब्यात आईने नारळाच्या वड्या दिल्या होत्या. कुठल्या नारळाच्या ते सांगायला नको. ताईंना जेवण जात नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक वडी घेतली, हळूहळू खाल्ली आणि म्हणाल्या, "छान झाल्यात. आईला सांग."

दुसऱ्या दिवशी ताईंना लेखी समज देण्यात आली. सूचना असूनही यंत्रावर पूजासाहित्य वापरून नुकसान केले, पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल, असा कागद. तो त्यांच्या वैयक्तिक फाईलमध्ये लागला. आणि या बॅचमधून त्यांचं नाव कमी झालं. "पुढच्या बॅचला बघू," साहेब म्हणाले. पुढची बॅच आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी का बोललो नाही? समन्वयकानेच असं केलं म्हटल्यावर माझं काय होईल, ही भीती. पहिल्या दिवशी ही भीती होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात कालच का बोललो नाही याची लाज मिसळली. आठवड्याने लाजच जास्त झाली. चूक कबूल करायला उशीर झाला की उशिराचीही कबुली द्यावी लागते, आणि ती जास्त जड असते.

बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून दुसरं काहीतरी करत सुटलो. रोजच्या तासाच्या टिपा मी कार्बन घालून लिहू लागलो. खालची प्रत ताईंना द्यायचो. आणि एके दिवशी मॅडमच्या क्लासवर गेलो.

क्लास एका जीन्सच्या कारखान्याच्या वर होता. खाली शिलाईच्या पंचवीसेक मशीन चालायच्या आणि वरची फरशी थरथरायची. जिन्याच्या कठड्याला कापडाची निळी बारीक भुकटी चिकटलेली असे. हात लावला की बोटं निळी होत.

"मॅडम, ताईंना इथे सराव करता येईल का? सकाळी, ऑफिसच्या आधी?"

"आठ से नौ मशीन रिकामी असते," मॅडम म्हणाल्या. "लेकिन आपको इतनी फिकर क्यों, सर? आपण तर स्वतःच नापास."

"त्यांनी मला काम शिकवलंय."

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं. "ठीक है साईं. उद्यापासून पाठवा. कुंकू घरी ठेवून."

सकाळी सासूबाईंचं सगळं आवरून ताई आठला तिथे यायच्या. शेजारच्या काकूंनी दोन तास लवकर यायचं कबूल केलं होतं. बऱ्याचदा मीही जायचो. ताईंना त्या तरुण पोरांत एकटं बसायला संकोच वाटायचा असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मलाच स्वस्थ बसवत नव्हतं. शेजारच्या मशीनवर एक कॉलेजचा मुलगा यायचा, तो ताईंना म्हणाला, "काकी, तुमची स्पीड एकदम खतरनाक आहे."

"काकी नाही, ताई," मॅडम तिकडून ओरडल्या. "काकी बोलेगा तो फेल होईल ती."

परीक्षेचं पत्र आलं त्यात एक कलम होतं. प्रशिक्षकाने तीस तासांच्या सरावाचा दाखला दिला तर बॅचबाहेरचा कर्मचारीही बसू शकेल. मॅडमनी लगेच दाखला लिहून दिला. मी टिपण तयार करून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "बसू दे. पण खोलीत शिरताना ताईंची पिशवी तपासा रे. नारळ असेल."

परीक्षा आमच्याच खोलीत झाली. तीन नंबरची मशीन दुरुस्त होऊन आली होती आणि बैठकीच्या यादीप्रमाणे ती नेमकी ताईंच्या वाट्याला आली. दीड तासाचा पेपर होता, एक पत्र, एक तक्ता आणि एक मराठी परिपत्रक. मुंबईहून परीक्षक आले होते. ताईंचा डावा हात अधूनमधून हवेत जात होता. परीक्षक त्यांच्या मागे उभे राहून ते बघत होते. मला वाटलं, गेलं.

तास झाला असेल, आणि लाईट गेली.

उल्हासनगरात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. पण सहाही पडदे एकदम काळे झाले. एसीचा आवाज थांबला आणि खोलीत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बहुतेक मीच. बॅटरीचा एक डबा आणलेला होता, तो दोन आठवड्यांपासून बंद होता. वीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा माझी फाईल रिकामी होती. माझ्यासारखे आणखी तिघं. परीक्षक एकेकाच्या पडद्याकडे बघत ताईंपाशी आले.

"तुमचं गेलं?"

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "प्रत ठेवली होती. दर परिच्छेदाला सेव्ह केलंय. आणि दुसऱ्या फ्लॉपीवर पण."

"दुसऱ्या फ्लॉपीवर कशाला?"

"पहिली हरवली तर?"

परीक्षक हसले. शेवटच्या तीन ओळी तेवढ्या गेल्या होत्या, त्या ताईंनी पुन्हा टाइप केल्या आणि वेळेआधी उठल्या. निकाल लागला तेव्हा आमच्या कार्यालयात त्या पहिल्या होत्या. मी पुन्हा बसून दुसऱ्या खेपेला पास झालो. बदलीची यादी आली, तिच्यात ताईंचं नाव नव्हतं. एक वर्षाची तात्पुरती नेमणूक, संगणकचालक म्हणून, याच कार्यालयात.

ती यादी मी दोनदा वाचली आणि जिन्यात जाऊन बसलो. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून खाली ठेवावा तसं वाटलं. खालचा दुकानदार म्हणाला, "क्या हुआ साईं? तबियत?" मी म्हटलं, "काही नाही, बरं वाटतंय." खरंच बरं वाटत होतं. ताई सहाच्या आत घरी पोचणार होत्या. माझ्यामुळे कुणाचं काही मोडलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते चारएक दिवस पुरलंही.

मग ताईंनी डबा आणला. पुरणपोळ्या. सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा नसता तर मी आज मुंबईच्या गाडीत असते. सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलं यानं." लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी पोळी खाल्ली आणि डबा धुऊन परत दिला.

पुढचे महिने असेच गेले. संगणक जरा अडला की कुणीतरी म्हणायचं, "ताई, नारळ फोडा." ताई म्हणायच्या, "आणा, फोडते." त्यांनी तो विनोद अंगवळणी पाडून घेतला होता. मला तो दर वेळी नव्याने ऐकू यायचा.

पुढची खंडेनवमी जवळ आली तेव्हा ताईंचं वर्ष भरत आलं होतं. त्यांना कायम करण्यासाठी वैयक्तिक फाईल मुंबईला पाठवायची होती. पानांना नंबर घालून ती बांधायचं काम माझ्याकडे आलं. नंबर घालता घालता बाविसाव्या पानावर हात थांबला. लेखी समज. फाईल मुंबईला उघडणारा माणूस ताईंना ओळखत नव्हता. त्याला त्यांच्याबद्दल जे कळणार होतं ते या पानांवरून. एवढं सगळं करून, परीक्षा देऊन, शेवटी त्या या एका पानाशी अडकू शकत होत्या.

पान काढून टाकता आलं असतं. पुढच्या पानाला अजून नंबर नव्हता, त्यालाच बावीस घातलं की झालं असतं. खोटं कशाला बोलू, मी टॅगची गाठ सोडलीही होती. पण फाईलमधलं पान काढायचं नसतं, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांचीच फाईल माझ्या हातात होती. गाठ परत बांधली. फाईल त्या दिवशी पाठवली नाही.

खंडेनवमीला दुपारी सगळे संगणकाच्या खोलीच्या दारात जमलो. तोरण बांधून झालं. ताईंनी तोच मोराचा करंडा माझ्या हातात दिला. "धर जरा," म्हणाल्या आणि स्वस्तिकाला बोट लावू लागल्या. साहेब मागून म्हणाले, "ताई, यंदा कुणाची आंघोळ? चार नंबर?"

सगळे हसले. ताईही हसल्या, पण चौकटीवरचं त्यांचं बोट जागीच थांबलं. ते मी पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तो नारळ मी फोडला होता. गेल्या वर्षी. अक्षताही मीच टाकल्या. ताई आत गेल्याच नव्हत्या."

शिपाईमामांचा आवाज पहिला आला. "आता रं?"

साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. ताईंनी माझ्या हातातला करंडा काढून घेतला.

"ड्रॉवर उघडलास माझा?"

"हो."

"आणि मी तुला विचारलं तेव्हा?"

"नाही म्हणालो."

"वड्या त्याच नारळाच्या होत्या?"

"हो."

"वर्षभर," ताई म्हणाल्या. "वर्षभर मी यांच्याबरोबर हसले." त्यांचे डोळे भरले नाहीत. त्या चिडल्या होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. वर्षात पहिल्यांदा त्या मला ओळखून माझ्याशी बोलत होत्या.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. बोलला ना तो. ताई, सोडून द्या."

"तुम्ही मला तोंडी सोडलं होतंत का, साहेब?" ताई म्हणाल्या. "माझ्या फाईलला कागद आहे. मग याचंही टिपण फाईलला लागायला हवं." आणि माझ्याकडे वळून, "चल. आत चल. चपला काढ."

मशीन नंबर तीन त्यांनी चालू केली. मी शेजारी उभा राहिलो. बाकीचे दारात.

"सांग. मी टाइप करते. तुझ्या दोन बोटांनी दिवाळी येईल."

मी सुरुवात केली, "गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी माझ्याकडून अनवधानाने…"

त्यांचे हात थांबले. "अनवधानाने? नारळ अनवधानाने फुटतो?"

दारात कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो. हसताना काहीतरी सैल होत गेलं. ताईंनी एक कळ दाबून धरली आणि तो शब्द पडद्यावरून अक्षर अक्षर मागे सरकत नाहीसा झाला.

"पुन्हा सांग. साधं सांग."

मी साधं सांगितलं. पूजा मी केली, सूचना माहीत असताना केली. करंडा न विचारता घेतला. विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही, कारण भीती वाटत होती. ताईंचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही, त्यांना दिलेली समज मागे घ्यावी आणि ती मला द्यावी. ताई खिळे ठोकल्यासारख्या टाइप करत होत्या. ओळ संपली की हात हवेत जात होता.

साहेबांनी त्या टिपणावर तिथल्या तिथे शेरा मारला. बाविसाव्या पानामागे तेविसावं म्हणून ते लागलं. ताई कायम झाल्या आणि निवृत्तीपर्यंत त्याच खिडकीपाशी बसल्या. मला लेखी समज मिळाली. तो कागद हातात आला तेव्हा इतकं हायसं वाटलं की मी तो घरी नेऊन आईला वाचून दाखवला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी प्रिंटर करकरत तीन प्रती बाहेर आल्या. ताईंनी कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडून काढल्या. एक प्रत फाईलला, एक स्वतःच्या पर्समध्ये, एक माझ्या हातात. मी तिन्हींवर सही केली आणि निघालो.

"थांब," ताई म्हणाल्या. "हा कागद साहेबांना लिहिलाय. मघाशी बोललास तेही साहेबांना. मला काय म्हणालास अजून?"

मी वळलो. दारातली माणसं एकेक करून बाजूला झाली होती. पायात चपला नव्हत्या आणि एसीने फरशी गार पडली होती.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही मला काम शिकवलंत आणि मी तुमच्या मागे लपलो. मला माफ करा."